नियोक्त्याने दिलेले निवासस्थान, घरभाडे भत्ता आणि आयकर

फेब्रुवारी महिना उजाडला की पंचायत समितीच्या कार्यालयाकडून शाळाशाळांत आयकराच्या विवरणाचा नमुना येतो. वर्षभरातील वेतन, भत्ते, बचत, विमा आणि घरभाडे यांची माहिती त्यात भरून ती ठरलेल्या मुदतीत परत करावयाची असते. पुष्कळ शिक्षकबंधुभगिनी हा नमुना मागील वर्षीच्या प्रतीवरून उतरवून काढतात. कित्येक जण तो शेजारच्या शाळेतील एखाद्या जाणत्या सहकाऱ्याकडे सोपवितात व आपण केवळ स्वाक्षरी करतात. घरभाड्याच्या रकान्यात कोणती रक्कम लिहावी, तिच्यासोबत कोणता पुरावा जोडावा, आणि नियोक्त्याने दिलेल्या निवासस्थानात राहणाऱ्याने तेथे काय लिहावे, हे प्रश्न मात्र दरवर्षी जसेच्या तसे उरतात.

या प्रश्नांची उत्तरे कठीण नाहीत. त्यांना लागणारे गणित आपण वर्गात शिकवितो त्या शेकडेवारीच्या पलीकडचे नाही. तरीही ती ठाऊक नसल्यामुळे काहींना नाहक कर भरावा लागतो, तर काही जण ज्या पावतीचा काडीइतकाही उपयोग नाही अशी खोटी पावती जोडून स्वतःवर दोष ओढवून घेतात. म्हणून या विषयाचे सोपे विवरण येथे केले आहे. यातील दर व मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या हिशेबाच्या आहेत. उदाहरणांतील रक्कमा केवळ समजुतीसाठी घेतलेल्या आहेत.

घर हेही वेतनच

कर्मचाऱ्याच्या निवाऱ्याची सोय नियोक्ता दोन प्रकारे करू शकतो. एक तर तो राहण्यास घर देतो, अथवा घर देण्याऐवजी घरभाडे भत्ता देतो. दोहोंचा हेतू एकच असला तरी आयकराचा कायदा त्यांना दोन निरनिराळी मापे लावतो. हा भेद ध्यानी आला म्हणजे पुढील बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

कित्येकांचा असा समज असतो की, हाती रोख पडते तेवढेच उत्पन्न. राहण्यास मिळालेले घर हे उत्पन्न कसे होईल? यासाठी दोन कर्मचाऱ्यांचे उदाहरण घेऊ. पहिल्यास दरमहा ६०,००० रुपये रोख मिळतात व त्यांतून तो ५,००० रुपये भाडे देतो. दुसऱ्यास ५५,००० रुपये रोख मिळतात आणि पहिल्याच्या शेजारचे तसलेच घर नियोक्त्याकडून विनामूल्य मिळते. दोघांची आर्थिक स्थिती सारखीच आहे. कर केवळ रोख रकमेवर आकारला तर पहिल्यावर अन्याय होईल, आणि वेतनाचा मोठा भाग वस्तुरूपाने देऊन कर चुकविण्याची वाट सर्वांनाच मोकळी होईल. म्हणून आयकर अधिनियम, १९६१ याने वेतनाबरोबर मिळणाऱ्या अशा रोखेतर लाभांचाही वेतनात समावेश केला. कायद्याच्या भाषेत यांना परिलब्धी म्हणतात. रेल्वेच्या वसाहती, साखर कारखान्यांच्या वसाहती अथवा शाळेलगतचे शिक्षकनिवास, या सर्वांकडे कायदा याच दृष्टीने पाहतो.

निवासस्थानाचे मूल्य कसे ठरते

घर हे उत्पन्न मानले, तर ते किती रुपयांचे मानावयाचे? गावातील घराचे बाजारभावाने भाडे ठरविणे सोपे नसते. त्यावरून तंटे होऊ नयेत म्हणून नियमांनी काही ठोकळ मापे ठरवून दिली आहेत.

पहिले माप शासनाच्या घरांसाठी आहे. केंद्र अथवा राज्य शासनाच्या कारभारातील पद धारण करणाऱ्यास शासनाने घर दिले असल्यास, शासनाने त्या घरासाठी ठरविलेले अनुज्ञप्ती शुल्क हेच त्याचे मूल्य होय. कर्मचाऱ्याकडून तेवढे शुल्क वसूल होत असेल तर उत्पन्नात मिळविण्यास काही उरत नाही.

दुसरे माप इतर सर्व नियोक्त्यांसाठी आहे. घर नियोक्त्याच्या मालकीचे असल्यास वेतनाच्या ठराविक शेकडा प्रमाणात त्याचे मूल्य धरतात. १ सप्टेंबर २०२३ पासून हे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ४० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात, म्हणजे मुंबईसारख्या ठिकाणी, १० टक्के. १५ लाखांहून अधिक परंतु ४० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहरात, जसे नागपूर येथे, साडेसात टक्के. आणि उरलेल्या सर्व ठिकाणी ५ टक्के. त्या तारखेपूर्वी हीच प्रमाणे अनुक्रमे १५, १० व साडेसात टक्के होती, आणि लोकसंख्येच्या मर्यादाही निराळ्या होत्या. जुन्या प्रतीवरून नमुना उतरविणाऱ्याच्या हातून येथेच चूक होण्याचा संभव असतो. नियोक्त्याने स्वतः भाड्याने घेऊन घर दिले असल्यास, त्याने भरलेले भाडे किंवा वेतनाचे १० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मूल्य म्हणून धरतात.

कर्मचाऱ्याने नियोक्त्याला दिलेले अथवा त्याच्या वेतनातून कापलेले भाडे या मूल्यातून वजा होते. घराबरोबर सामानसुमान दिलेले असेल आणि ते नियोक्त्याच्या मालकीचे असेल, तर त्याच्या मूळ किंमतीचे वार्षिक १० टक्के त्यात मिळवितात. बदली झाल्यावर नवे निवासस्थान मिळाले, पण जुने अद्याप सोडलेले नाही, असेही घडते. अशा वेळी पहिल्या ९० दिवसांपर्यंत दोहोंपैकी कमी मूल्याचे एकच घर हिशेबात धरतात.

जिल्हा परिषदेचा शिक्षक यांपैकी कोणत्या वर्गात येतो, असा प्रश्न येथे सहज उद्भवतो. नियमाची शब्दरचना पाहता पहिला वर्ग केंद्र व राज्य शासन यांच्या कारभारातील पदांपुरता आहे, त्यात स्थानिक संस्थेचा स्वतंत्र उल्लेख नाही. तेव्हा आपण त्यात आपोआप येतो असे कोणी गृहीत धरू नये. घर कोणाच्या मालकीचे आहे आणि वाटपाचा आदेश कोणी काढला आहे, हे पाहून वेतन काढणाऱ्या कार्यालयाकडून वर्गाची खात्री करून घ्यावी.

आता उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ७,२०,००० रुपये होतात. तिला गावातच संस्थेच्या मालकीचे घर मिळाले असून त्यापोटी दरमहा ५०० रुपये वेतनातून कापले जातात. तिला घरभाडे भत्ता मिळत नाही. दुसरे माप लावल्यास घराचे मूल्य ७,२०,००० रुपयांचे ५ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये. त्यातून कापलेले ६,००० रुपये वजा जाता ३०,००० रुपये उरतात. ही ३०,००० रुपयांची रक्कम तिच्या हाती कधीही पडलेली नाही, तथापि ती तिच्या वेतनात मिळविली जाते.

या ठोकळ मापावर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही. घर जुने आहे, गावात त्याचे भाडे कोणी एवढे देणार नाही, मग आम्हांला सवलत मिळालीच कोठे, असा युक्तिवाद कर्मचाऱ्यांनी न्यायालयांत केला. अरुण कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा नियम वैध ठरविला. परंतु मुळात सवलतच मिळालेली नाही हे दाखविण्याची संधी कर्मचाऱ्यास आहे, असेही सांगितले. त्यानंतर संसदेने २००७ साली कायद्यात स्पष्टीकरण घालून, ठरलेल्या मापापेक्षा वसूल केलेले भाडे कमी असल्यास सवलत मिळाली असेच मानले जाईल, असा निर्णय पूर्वलक्षी प्रभावाने केला. त्यामुळे घराच्या भिंती जुन्या आहेत या कारणास्तव हे मूल्य कमी करून मागता येत नाही.

घरभाडे भत्त्याचा हिशेब

घराऐवजी भत्ता मिळत असेल तर विचाराची दिशा बदलते. भत्ता ही रोख रक्कम असल्यामुळे ती मुळात करपात्रच आहे. मात्र कर्मचारी प्रत्यक्ष भाडे देऊन राहत असेल, तर जुन्या करप्रणालीत त्या भत्त्याचा काही भाग करमुक्त होतो. तो किती, हे ठरविण्यासाठी तीन रकमा काढाव्या लागतात: वर्षात मिळालेला घरभाडे भत्ता, दिलेल्या भाड्यातून वेतनाचे १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम, आणि वेतनाचे ४० टक्के. मुंबईसारख्या ठराविक महानगरांत ही शेवटची रक्कम ५० टक्के असते. येथे वेतन याचा अर्थ मूळ वेतन, आणि सेवाशर्तींनुसार निवृत्तिलाभांत धरला जाणारा महागाई भत्ता. या तिन्हींपैकी जी रक्कम सर्वांत लहान, तेवढाच भत्ता करमुक्त होय.

वरील शिक्षिकेच्या शाळेतीलच एक शिक्षक घेऊ. त्याचेही वेतन वर्षाला ७,२०,००० रुपये आहे. त्याला दरमहा ४,००० रुपये घरभाडे भत्ता मिळतो आणि तो दरमहा ७,५०० रुपये भाडे देतो. पहिली रक्कम ४८,००० रुपये झाली. भाडे वर्षाचे ९०,००० रुपये. त्यातून वेतनाचे १० टक्के, म्हणजे ७२,००० रुपये वजा केले असता दुसरी रक्कम १८,००० रुपये आली. तिसरी रक्कम २,८८,००० रुपये. यांतील सर्वांत लहान १८,००० रुपये. तेव्हा ४८,००० रुपयांपैकी १८,००० करमुक्त झाले आणि ३०,००० रुपये करपात्र राहिले.

याच शिक्षकाचे भाडे दरमहा ५,००० रुपये असते तर काय झाले असते? वर्षाचे भाडे ६०,००० रुपये, आणि वेतनाचे १० टक्के ७२,००० रुपये. भाडे त्याहून कमी असल्यामुळे दुसरी रक्कम शून्य झाली आणि संपूर्ण भत्ता करपात्र ठरला. वेतनाच्या एक दशांशाहून भाडे कमी असेल तर भत्त्याचा एक रुपयाही करमुक्त होत नाही, हा या नियमाचा परिणाम आहे. खेड्यांतील भाडी बहुधा कमी असतात. तेथे खरी पावती असली तरी करात पुष्कळदा फरक पडत नाही, मग खोट्या पावतीची कथा ती काय!

दोन करप्रणाली

येथवर जुन्या करप्रणालीचा विचार झाला. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली झाली आहे. कर्मचाऱ्याने जुनी प्रणाली निवडल्याचे कळविले नाही, तर त्याचा कर नव्या प्रणालीने मोजला जातो. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची करमुक्ती नाही. भविष्य निर्वाह निधी व विमा यांत स्वतः भरलेल्या रकमांची वजावट नाही. व्यवसाय कराचीही वजावट नाही. नियोक्त्याने दिलेल्या निवासस्थानाचे मूल्य मात्र जुन्याप्रमाणेच नव्या प्रणालीतही उत्पन्नात धरले जाते.

हे वाचून नवी प्रणाली तोट्याची असे एखाद्यास वाटेल. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नव्या प्रणालीत वेतनधारकास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, जुन्या प्रणालीत ती ५०,००० रुपये आहे. वजावटीनंतरचे उत्पन्न १२ लाख रुपयांपर्यंत असेल तर करसूट मिळून वेतनावरील कर शून्य होतो. म्हणजे दुसरे कोणतेही उत्पन्न नसलेल्या कर्मचाऱ्यास १२,७५,००० रुपयांच्या वेतनापर्यंत कर भरावा लागत नाही. जुन्या प्रणालीत ही करसूट ५ लाख रुपयांच्या उत्पन्नापर्यंतच आहे.

आपल्या शिक्षकाचा हिशेब दोन्ही प्रकारे करून पाहू. वेतन व घरभाडे भत्ता मिळून ७,६८,००० रुपये. जुन्या प्रणालीत त्यातून करमुक्त भत्त्याचे १८,०००, प्रमाणित वजावटीचे ५०,०००, व्यवसाय कराचे २,५०० आणि निधी व विमा यांचे कमाल १,५०,००० रुपये वजा केले, तर ५,४७,५०० रुपये उरतात. त्यांवर अडीच लाखांपर्यंत काही नाही, पुढील अडीच लाखांवर ५ टक्क्यांप्रमाणे १२,५०० आणि उरलेल्या ४७,५०० रुपयांवर २० टक्क्यांप्रमाणे ९,५०० रुपये, असा २२,००० रुपये कर होतो. ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकराचे ८८० रुपये मिळवून २२,८८० रुपये. नव्या प्रणालीत ७,६८,००० रुपयांतून ७५,००० वजा जाऊन ६,९३,००० रुपये उरतात आणि कर शून्य होतो. घरभाड्याच्या पावत्या नीट जोडून, सर्व बचत दाखवूनही जुन्या प्रणालीत त्याला २२,८८० रुपये भरावे लागतील. नव्या प्रणालीत एकही पावती न जोडता काहीच भरावे लागणार नाही. घरात राहणाऱ्या शिक्षिकेचेही तसेच आहे. तिचे वेतन व घराचे मूल्य मिळून ७,५०,००० रुपये होतात, वजावटीनंतर ६,७५,००० रुपये उरतात, आणि नव्या प्रणालीत कर शून्य.

यावरून सर्वांनी डोळे मिटून नवी प्रणालीच घ्यावी असे मात्र नाही. ज्याचे वेतन बरेच अधिक आहे, ज्याने घरकर्जाचे मोठे व्याज भरले आहे आणि नोकरीच्या गावी जो खरोखर मोठे भाडे देतो, त्याने दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावेत. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या वेतनधारकास ही निवड दरवर्षी करता येते. कार्यालयास एक प्रणाली कळविली असली तरी विवरणपत्र भरताना दुसरी निवडता येते. मात्र जुनी प्रणाली हवी असल्यास विवरणपत्र मुदतीच्या आत भरले पाहिजे.

मर्यादेच्या काठावर

जेथे निवासस्थानाचे मूल्य विसरणे खरोखर महागात पडते, असे एक उदाहरण आता पाहू. एका ज्येष्ठ मुख्याध्यापिकेचे वार्षिक वेतन १२,६०,००० रुपये आहे. ती नियोक्त्याने दिलेल्या घरात राहते व दरमहा १,००० रुपये भाडे तिच्या वेतनातून कापले जाते. घराचे मूल्य हिशेबात न घेता तिने नमुना भरला. १२,६०,००० रुपयांतून ७५,००० वजा जाता ११,८५,००० रुपये उरले, १२ लाखांच्या आत बसले, आणि कर शून्य आला. ती निश्चिंत झाली.

खरा हिशेब निराळा आहे. घराचे मूल्य वेतनाच्या ५ टक्के, म्हणजे ६३,००० रुपये. त्यातून भाड्याचे १२,००० वजा जाता ५१,००० रुपये. ते मिळविल्यावर वजावटीनंतरचे उत्पन्न १२,३६,००० रुपये होते. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के व ८ ते १२ लाखांवर १० टक्के, मिळून ६०,००० रुपये. आणि पुढील ३६,००० रुपयांवर १५ टक्क्यांप्रमाणे ५,४०० रुपये. एकूण ६५,४०० रुपये. तथापि १२ लाखांची मर्यादा थोडक्यात ओलांडणाऱ्यास कायद्याने दिलासा दिला आहे: मर्यादेच्या वर जेवढे उत्पन्न असेल त्याहून अधिक कर घेतला जात नाही. म्हणून कर ३६,००० रुपये आणि उपकर १,४४० रुपये, मिळून ३७,४४० रुपये. शून्य आणि ३७,४४० रुपये यांतील हा सारा फरक नमुन्यातील एका कोऱ्या राहिलेल्या रकान्यामुळे पडला. पुढे ही चूक उघडकीस आली तर कराबरोबर व्याजही द्यावे लागते.

याचा अर्थ तिने घर नाकारावयास हवे होते असा कोणी करू नये. घर न घेता तिने दरमहा ७,००० रुपये भत्ता घेतला असता, तर नव्या प्रणालीत ते ८४,००० रुपयेही पूर्णपणे उत्पन्नात आले असते, कर अधिक झाला असता, आणि घराचे भाडेही भरावे लागले असते. गावात राहण्याजोगे घर मिळणे ही शिक्षकाची मोठी सोय आहे. तिचा हिशेब वेळेवर व्हावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पावती आणि प्रामाणिकपणा

आता या विषयाच्या नाजूक बाजूकडे वळू. गावातील एखाद्या गृहस्थाने स्नेहाने शिक्षकास आपल्या वाड्यातील खोली विनामूल्य दिली, असे अनेकदा घडते. ही सोय नियोक्त्याने केलेली नसल्यामुळे तिचे मूल्य वेतनात मिळवावे लागत नाही. परंतु भाडे दिलेले नसल्यामुळे घरभाडे भत्त्याचा कोणताही भाग करमुक्त होत नाही. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याचेही तसेच. आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडे देता येते, पण ते खरोखर दिलेले असावे, शक्यतो बँकेतून दिलेले असावे, आणि आईवडिलांनी ते आपल्या उत्पन्नात दाखविले पाहिजे. पती-पत्नी दोघेही शिक्षक असून एकाच घरात राहत असल्यास एकच भाडे दोघांनी दोनदा दाखविता येत नाही; ज्याने जेवढे दिले तेवढेच त्याचे. त्यांपैकी एकास नियोक्त्याचे निवासस्थान मिळाले असेल व दुसरा तेथेच राहत असेल, तर दुसऱ्याने भाडे दिले असे म्हणता येत नाही. त्याला भत्ता मिळण्याचा हक्क आहे की नाही, हे सेवानियमांवरून ठरते.

भत्ता मिळण्याचा हक्क व त्याची करमुक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुख्यालयी राहण्याची अट, त्याचा दाखला, त्यावरून भत्ता चालू राहणे वा थांबणे, हा सेवाविषयक प्रश्न होय. आयकराचा प्रश्न एवढाच की, मिळालेल्या भत्त्यातून प्रत्यक्ष भाडे दिले गेले काय. एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी तयार केलेला कागद दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना विसंगत ठरला, तर अडचण कर्मचाऱ्याचीच होते. मुख्यालयी स्वतःच्या घरात राहतो असे एका अर्जात लिहावयाचे आणि दुसऱ्या कागदास तालुक्याच्या गावातील भाड्याची पावती जोडावयाची, असे करणाऱ्यास दोहोंचे समर्थन करता येत नाही.

पुराव्याचे नियमही थोडक्यात पाहू. दरमहा ३,००० रुपयांपर्यंत घरभाडे भत्ता मिळत असेल तर कर कापणाऱ्या कार्यालयाने पावतीचा आग्रह धरला नाही तरी चालते. भाडे मात्र प्रत्यक्ष दिलेले असलेच पाहिजे. वर्षाचे भाडे एक लाख रुपयांहून अधिक असल्यास घरमालकाचा स्थायी खाते क्रमांक, म्हणजे पॅन, द्यावा लागतो. ५,००० रुपयांहून अधिक रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावतात. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखविल्याचे सिद्ध झाल्यास, १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे त्या दडविलेल्या उत्पन्नावरील कराच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे. आपल्या शिक्षकाच्या उदाहरणात १८,००० रुपयांच्या करमुक्तीने जुन्या प्रणालीत वाचणारा कर उपकरासह ३,७४४ रुपये होता. तेवढ्यासाठी खोटा कागद करण्यात शहाणपण नाही, आणि ज्याच्या अक्षरावर गाव विश्वास ठेवते त्याला ते शोभतही नाही.

नमुना भरण्यापूर्वी

पुढील गोष्टी क्रमाने पाहिल्यास घोटाळा होणार नाही.

(१) आपण नियोक्त्याने दिलेल्या घरात राहतो, भाड्याच्या घरात राहतो, की स्वतःच्या अथवा विनामूल्य मिळालेल्या घरात राहतो, हे प्रथम निश्चित करावे.

(२) निवासस्थान असल्यास वाटपाचा आदेश, ताबा घेतल्याची व सोडल्याची तारीख, आणि दरमहाच्या वेतनदेयकातील भाड्याची कपात यांची नोंद जवळ ठेवावी. घर वर्षाच्या काही भागापुरतेच असेल तर मूल्यही तेवढ्याच काळाचे धरतात.

(३) भाड्याचे घर असल्यास वर्षाच्या भाड्याची वेतनाच्या एक दशांशाशी तुलना करावी. भाडे त्याहून कमी असेल तर करमुक्तीसाठी पुरावा गोळा करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

(४) नव्या व जुन्या अशा दोन्ही प्रणालींनी कर काढून पाहावा. नव्या प्रणालीत कर शून्य येत असेल तर घरभाड्याचा प्रश्न तेथेच मिटतो.

(५) वेतन १२ लाखांच्या आसपास असल्यास निवासस्थानाचे मूल्य, बँकेचे व्याज आणि थकबाकी या रकमा विसरू नयेत.

(६) कार्यालयाकडून नमुना क्रमांक १६ मिळाल्यावर त्यातील परिलब्धीची रक्कम आपल्या हिशेबाशी ताडून पाहावी. तफावत असल्यास विवरणपत्र भरण्यापूर्वीच लेखी विचारणा करावी. विवरणपत्र भरून झाल्यावर चूक ध्यानी आली तर सुधारित विवरणपत्र भरता येते. ती मुदत टळून गेली तरी अधिक कर भरून अद्ययावत विवरणपत्र देण्याची सोय कायद्यात आहे.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास आयकर अधिनियम, २०२५ लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि आर्थिक वर्ष व कर निर्धारण वर्ष या जोडीऐवजी करवर्ष हा एकच शब्द आला आहे. परंतु घर हे वेतनाचाच भाग होय, आणि भाडे दिले तरच भत्त्याच्या करमुक्तीचा विचार, ही मूळ तत्त्वे तीच आहेत. दर व मर्यादा त्या त्या वर्षी तपासून घ्याव्यात.

केंद्रातील पुढील शिक्षण परिषदेत अर्धा तास काढून प्रत्येकाने आपापला हिशेब कागदावर मांडला आणि शेजाऱ्याने तो तपासला, तर या प्रश्नासाठी तालुक्याच्या गावी खेटे घालण्याची पाळी क्वचितच येईल. मुख्याध्यापकांनी वरील तीन उदाहरणे फळ्यावर लिहून आरंभ करावा. रक्कमा बदलल्या तरी रीत बदलत नाही.